लुक्ल्याची चढती धावपट्टी

1953 सालच्या मार्च महिन्यात एव्हरेस्टच्या स्वारीवर निघालेल्या ब्रिटिश मोहिमेचे सामान घेऊन सुमारे साडेतीनशे हमालांचा तांडा काठमांडूच्या खोऱ्यातून पूर्वेकडे चालू लागला, तेव्हा थ्यांगबोचेच्या मठापर्यंत पोहोचण्यास त्यास अडीच आठवडे लागले. एक खिंड चढावयाची, जितके चढलो तितकेच पलीकडे उतरून नदी ओलांडावयाची आणि पुन्हा पुढच्या खिंडीस भिडावयाचे, असा त्या मार्गाचा शिरस्ताच होता. कारण नेपाळातील नद्या हिमालयातून निघून दक्षिणेकडे धावतात आणि एव्हरेस्टचा वाटसरू मात्र त्या साऱ्यांना आडवा छेदीत जातो. आजचा प्रवासी काठमांडूस छोट्या विमानात बसतो आणि अर्ध्या तासाच्या सुमारास खुंबू प्रदेशाच्या उंबरठ्यावर, लुक्ला या गावी, उतरतो. अडीच आठवड्यांची वाट अर्ध्या तासावर आणणारी जी वस्तू आहे, ती म्हणजे डोंगराच्या उतरणीवर चिकटविलेली, 527 मीटर लांब आणि 30 मीटर रुंद अशी एक डांबरी पट्टी.

मुंबईच्या विमानतळाची मुख्य धावपट्टी साडेतीन किलोमीटरांच्या घरात जाते. तिच्यावर लुक्ल्याच्या सहा धावपट्ट्या एकापुढे एक अंथरता येतील. शिवाय मुंबईची धावपट्टी समुद्रसपाटीलगत आणि जवळजवळ सपाट, तर लुक्ल्याची 2,845 मीटर उंचीवर आणि तीही तिरपी: नैर्ऋत्येचे टोक जेथे संपते तेथे जमीनच संपते व खाली सुमारे 600 मीटरांवर दूधकोशीचे खोरे दिसते, आणि ईशान्येचे टोक जेथे संपते तेथे दगडी भिंत, भिंतीमागे गाव व गावामागे पर्वत उभा असतो. दोन टोकांमधील चढ शेकडा 11.7 इतका, म्हणजे खालच्या टोकापेक्षा वरचे टोक सुमारे 60 मीटरांनी उंच. ही वर्णने ऐकून आणि तिच्या चित्रफिती पाहून लोकांनी लुक्ल्यास ‘जगातील सर्वांत धोकादायक विमानतळ’ असे बिरुद बहाल केले आहे. ते मला नेहमीच काहीसे उथळ वाटत आले आहे. कारण ज्या चढाला पाहून प्रवाशाच्या पोटात गोळा येतो तो चढ वस्तुतः वैमानिकाचा साहाय्यकर्ता आहे, आणि खरा वैरी जो आहे तो चित्रफितीत दिसतच नाही.

या पट्टीच्या जन्माची कैफियत मोठी मनोरंजक आहे. एव्हरेस्टविजयानंतर सर एडमंड हिलरी यांनी शेर्पांच्या मुलखात शाळा आणि रुग्णालये उभारण्याचे कार्य हाती घेतले. 1961 साली खुमजुंगची शाळा उभी राहिली आणि पुढे 1966 साली कुंदे येथील रुग्णालय सुरू झाले. पत्रे, सिमेंट, औषधे, खिळेसुद्धा हमालांच्या पाठीवरून आणावयाचे तर खर्च आणि काळ दोन्ही हाताबाहेर जात, म्हणून जवळपास कोठेतरी विमान उतरेल अशी तजवीज करणे त्यांना प्राप्तच होते. त्यांच्या मनात होती ती खालच्या अंगाची सपाट शेतजमीन. परंतु डोंगराळ मुलखात सपाट जमीन म्हणजे बटाट्याची, जवाची, वर्षभराच्या पोटाची जमीन. ती द्यावयास तेथील शेतकरी राजी झाले नाहीत, आणि मला तरी त्यांचा हा नकार अत्यंत शहाणपणाचा वाटतो. तेव्हा 1964 साली लुक्ल्याची उतरणीवरील जागा स्थानिक शेर्पांकडून सुमारे 2,650 डॉलरांना खरेदी करण्यात आली. झाडेझुडपे तोडली, दगड उपटले, बांध मोडले. तरीही माती भुसभुशीतच राहिली, विमानाच्या चाकांचा भार सोसेल इतकी ती दबेना. रोलर आणावयास रस्ता नव्हता. तेव्हा हिलरी यांनी शेर्पांना भरपूर मद्य पुरविले आणि त्यांच्या पारंपरिक नृत्याचे आमंत्रण दिले. हातात हात गुंफून, पाय आपटीत, रांगाच्या रांगा त्या जमिनीवर नाचल्या आणि धावपट्टी घट्ट झाली. जगातील कोणत्याही सार्वजनिक बांधकाम खात्याच्या दप्तरी या पद्धतीची नोंद असेल असे वाटत नाही. त्या मातीच्या पट्टीवर डांबर पडावयास मात्र 2001 साल उजाडावे लागले. जानेवारी 2008 मध्ये हिलरी निवर्तले, आणि त्याच महिन्यात या विमानतळास तेनसिंग-हिलरी असे नाव देण्यात आले.

येथे येणाऱ्या विमानांची जातही ठरलेली. कॅनडात निर्माण झालेले ट्विन ऑटर, जर्मन डॉर्निअर 228, चेक बनावटीचे एल-410, अशी पंखे असलेली, वीसएक प्रवाशांच्या आतली विमानेच येथे चालतात. ट्विन ऑटरचे पहिले उड्डाण 1965 सालचे; म्हणजे ज्या विमानाशी लुक्ल्याचे नाव आज अविभाज्यपणे जोडले गेले आहे, ते लुक्ल्याच्या धावपट्टीहून वर्षभराने धाकटे आहे.

अलीकडे गिर्यारोहणाच्या ऐन हंगामात काठमांडूच्या विमानतळावरील गर्दीमुळे लुक्ल्याची बरीचशी विमाने तेथून सुटत नाहीत. प्रवाशांना मध्यरात्रीच मोटारीत घालून चार-पाच तासांच्या वळणावळणांच्या रस्त्याने रामेछाप जिल्ह्यातील मंथली या गावी नेतात आणि तेथून पहाटे विमाने सुटू लागतात. आम्हीही तसेच गेलो. मंथली येथील विमानतळ म्हणजे तमकोशीच्या काठी एक पट्टी, एक पत्र्याची शेड आणि चहाची चार दुकाने. तराजूवर पिशव्या चढत होत्या; मोठी आणि हातातली मिळून प्रत्येकी 15 किलोंची मुभा, आणि ती अक्षरशः तोलून घेतली जात होती. आमच्या पुढेच पुण्याकडील एक मोठा गट उभा होता. एव्हरेस्टच्या पायथ्याची वारी ही आता महाराष्ट्रातील गिरिप्रेमींच्या अंगवळणी पडलेली गोष्ट आहे. 2012 साली पुण्याच्या ‘गिरिप्रेमी’ संस्थेची मोहीम एव्हरेस्टच्या माथ्यावर पोहोचल्यापासून तर त्या वाटेवर मराठी कानी न पडणे हेच नवल. त्या गटातील पासष्टीच्या एका गृहस्थांनी तोललेल्या पिशवीतून लाडवांचा डबा बाहेर काढला आणि अंगातल्या जाकिटाच्या खिशांत लाडू भरावयास सुरुवात केली, तेव्हा तराजूवरच्या मुलाने हसून दुसरीकडे पाहिले.

त्यानंतर जे सुरू झाले त्यास प्रतीक्षा म्हणतात. आकाश निरभ्र, उन्हे डोंगरावरून पायरीपायरीने खाली उतरलेली, विमान समोर उभे, आणि तरीही कोणी हलेना. “अहो, एवढं लख्ख ऊन पडलंय, मग सोडत का नाहीत?” त्या काकांनी खिडकीपाशी जाऊन विचारले. आतील तरुणाने मान वरही न करता उत्तर दिले, “लुक्लामा बादल छ.” काका परत येऊन आपल्या मंडळींना म्हणाले, “इथं नाही, तिथं ढग आहेत म्हणे.” एवढ्या एका वाक्यावर त्या शेडमधील शंभरेक माणसांचा सारा दिवस टांगलेला होता, आणि ते वाक्य कोणत्याही आलेखाहून अधिक अचूक होते, कारण लुक्ल्यास ढगांतून विमान खाली आणणारी यंत्रणा नाही. वैमानिकाने धावपट्टी डोळ्यांनी पाहिली पाहिजे आणि पाहतच उतरले पाहिजे.

ही सक्ती का आहे, हे समजून घेण्यासारखे आहे. सपाट प्रदेशातील वैमानिकास एक फार मोठी सवलत असते: उतरताना काही बिनसले, वारा आडवा आला, वेग अधिक वाटला, तर तो पुन्हा इंजिनांस जोर देतो, वर चढतो, घिरटी घेतो आणि नव्याने उतरावयास येतो. त्यांच्या बोलीत यास ‘गो-अराउंड’ म्हणतात. लुक्ल्यास अखेरच्या टप्प्यात ही सवलत नाही. धावपट्टीच्या पुढे पर्वत उभा, दोन्ही बाजूंना खोऱ्याच्या भिंती. छोट्या विमानास जितक्या वेगाने वर चढता येते त्याहून अधिक वेगाने पुढची जमीन वर चढते. म्हणून धावपट्टीच्या बऱ्याच अलीकडे एक बिंदू असा असतो की, त्याच्या आधी वैमानिक मोकळेपणाने माघारी वळू शकतो आणि त्याच्या नंतर त्यास उतरावेच लागते. सारा निर्णय त्या बिंदूच्या अलीकडे.

दुसरी गोष्ट हवेची. इतक्या उंचीवर हवा समुद्रसपाटीच्या मानाने सुमारे एक चतुर्थांशाने विरळ असते. विमानातील वेगदर्शक हवेच्या दाबावर चालतो, त्यामुळे त्याच्या तबकडीवर वैमानिकास नेहमीचाच आकडा दिसतो. परंतु तितकीच उचल विरळ हवेतून मिळवावयाची तर प्रत्यक्षात विमानास सुमारे 15 टक्के अधिक वेगाने धावावे लागते, आणि गतीची ऊर्जा वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढत असल्यामुळे थांबविण्यासाठी खर्ची पाडावयाची ऊर्जा जवळजवळ तिसऱ्या हिश्शाने वाढते. म्हणजे पट्टी आखूड, विमान अधिक वेगात आणि उड्डाणासाठी इंजिनाच्या पंख्यास चावावयास हवाही कमी. अशा वेळी तो बदनाम चढ मदतीस येतो. चाके टेकल्यानंतर विमान चढावर धावू लागते आणि पृथ्वीचे गुरुत्वाकर्षणच त्यास मागे खेचते. साध्या गणिताने पाहिले तरी विमानाच्या गतिजन्य ऊर्जेचा निम्म्याच्या आसपास भाग एकटा तो चढच गिळून टाकतो. उरलेले काम पंख्यांची पाती उलट कोनात फिरवून आणि ब्रेक लावून होते, आणि पुष्कळदा तर वरच्या तळापर्यंत पोहोचण्यासाठी वैमानिकास पुन्हा थोडा जोर द्यावा लागतो. निघताना हाच चढ उतार होतो: ब्रेक दाबून इंजिने पूर्ण शक्तीवर आणतात, ब्रेक सोडतात आणि विमान घसरगुंडीवरून सुटलेल्या पोरासारखे खाली झेपावते. हिलरींच्या शेर्पांनी सपाट जमीन दिली असती, तर ती अधिक लांब असावी लागली असती.

मात्र हाच चढ डोळ्यांस फसवितो. आयुष्यभर सपाट धावपट्ट्या पाहिलेल्या माणसास समोर वर चढत गेलेली पट्टी दिसली की, आपण फार उंचावरून येत आहोत असा भास होतो आणि त्याचा हात नकळत विमानाचे नाक खाली करू लागतो. सपाट प्रदेशात त्याची शिक्षा फार तर एक दणका, येथे मात्र पट्टीच्या अलीकडे कडा आहे. अखेरच्या क्षणी उलट प्रकार: इतरत्र नाक किंचित उचलले की पुरते, येथे खाली येणाऱ्या विमानास वर चढणाऱ्या जमिनीशी जुळवून घेण्यासाठी सुमारे दहा अंशांनी वळवावे लागते. ही विद्या पुस्तकी नव्हे. म्हणूनच नेपाळच्या नागरी उड्डयन प्राधिकरणाने लुक्ल्यास उतरण्याचा परवाना देण्यापूर्वी आखूड धावपट्ट्यांवरील किमान एका वर्षाचा अनुभव, अशी किमान 100 उड्डाणे आणि खुद्द लुक्ल्यास प्रमाणित प्रशिक्षकासमवेत 10 उड्डाणे, अशी अट घातलेली आहे.

आणि वारा. सकाळची उन्हे डोंगरांवर पडली की उतारांवरची हवा तापून वर जाते व खालच्या खोऱ्यातील हवा तिच्या जागी धावते. दुपारपर्यंत दूधकोशीच्या खोऱ्यातून वर वाहणारा वारा चांगलाच जोर धरतो. विमानाने वाऱ्याच्या तोंडावर उतरावे हा जगभरचा नियम, परंतु लुक्ल्यास उतरण्याची दिशा एकच, ईशान्येकडे. म्हणजे दुपारचा वारा नेमका पाठीमागून. यास्तव सारी वाहतूक पहाटेपासून मध्यान्हीच्या आत उरकावी लागते, आणि सकाळ ढगात गेली की दिवस गेला.

आमची सकाळ गेली नाही. एकाएकी धावपळ झाली, नावे पुकारली गेली, हवाईसुंदरीने लिमलेटच्या गोळ्या आणि कानांत घालावयास कापसाचे बोळे वाटले, आणि आम्ही निघालो. ट्विन ऑटरमध्ये प्रवासी आणि वैमानिक यांच्यामध्ये दार नसल्यासारखेच असते, त्यामुळे पुढच्या आसनावरून सारा कारभार दिसतो. इंजिनांचा जोर कमीअधिक करणारे दांडे या विमानात छतापासून लोंबतात. दोघे वैमानिक आळीपाळीने हात वर करून ते धरीत, तेव्हा एस.टी.च्या गर्दीत वरचा दांडा धरून उभ्या असलेल्या उतारूंची आठवण कोणासही व्हावी. डाव्या हातास हिमशिखरांची रांग उजळली होती. पाहतापाहता खोरे अरुंद झाले, पाइनची झाडे खिडकीच्या पातळीस आली, आणि दोन वैमानिकांच्या खांद्यांमधून एक करडा चिमुकला आयत दिसू लागला. तो प्रथम भिंतीवर लावलेल्या पाटीसारखा उभा दिसतो. कॅप्टनने त्याच्याकडे किंवा त्याच्या पलीकडील भिंतीकडे पाहिले असे मला वाटले नाही; त्याची दृष्टी पट्टीच्या अगदी आरंभीच्या पांढऱ्या खुणांवर खिळलेली होती. चाके टेकली, पंखे किंचाळले, आमची शरीरे पट्ट्यांवर रेलली, आणि भिंत पुरती मोठी होण्याच्या आतच विमान बाजूच्या फरसबंद तळाकडे वळून थांबले. मागे पुणेकरांनी टाळ्या वाजविल्या. कॅप्टनने एक कागद भरला. एक इंजिन चालूच ठेवून आमचे सामान उतरविले गेले, परतीचे प्रवासी बसविले गेले, आणि काही मिनिटांतच तेच विमान उतारावरून सुटून कड्याखाली दिसेनासे झाले व क्षणभराने दूर खोऱ्यावर पुन्हा दिसू लागले.

अपघातांविषयी मौन पाळणे योग्य होणार नाही. 8 ऑक्टोबर 2008 रोजी, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, काठमांडूहून आलेले एक ट्विन ऑटर लुक्ल्याच्या पट्टीच्या किंचित अलीकडे आदळले. विमानातील 19 जणांपैकी केवळ कॅप्टन बचावला. मे 2017 मध्ये मालवाहू एल-410 त्याच पद्धतीने पट्टीखाली आदळून दोन वैमानिक मृत्युमुखी पडले. दोन्ही वेळी पट्टी तितकीच आखूड होती जितकी ती रोज असते; वेगळे होते ते ऐन वेळी खोऱ्यातून वर आलेले ढग. एप्रिल 2019 चा अपघात निराळा: उड्डाणासाठी धावणारे विमान वाट सोडून उभ्या हेलिकॉप्टरवर गेले व तिघांचा बळी गेला, तेथे चिंचोळ्या जागेस दोष द्यावाच लागेल. परंतु ज्यांस केवळ धावपट्टीच्या लांबीवरून धोक्याचे मोजमाप करावयाचे आहे, त्यांनी काठमांडूच्या तीन किलोमीटरांहून लांब धावपट्टीचा दाखलाही पाहावा. सप्टेंबर 2012 मध्ये लुक्ल्याकडे निघालेले डॉर्निअर तेथून उडताच कोसळून 19 जण गेले. आणि त्याआधी, 31 मार्च 1975 रोजी, फाफलू येथे रुग्णालयाच्या बांधकामात गुंतलेल्या हिलरींना भेटावयास निघालेल्या त्यांच्या पत्नी लुईझ आणि कन्या बेलिंडा यांचे विमान काठमांडूहून उडाल्यावर लगेच पडले. डोंगरात स्वतःच्या हिमतीवर धावपट्टी घडविणाऱ्या माणसाचे घर त्या धावपट्टीने नव्हे, तर राजधानीच्या प्रशस्त विमानतळाने रिते केले.

लुक्ल्याला जोडीदार आहेत. फ्रान्समधील कूर्शवेलची पट्टी 537 मीटरांची, परंतु तिचा चढ शेकडा 18.5, आणि तेथे उतरावयास वैमानिकापाशी पर्वतीय उड्डाणाची खास पात्रता असावी लागते. कॅरिबियन समुद्रातील साबा या डच बेटावरील पट्टी तर अवघी 400 मीटरांच्या आसपास. नियमित प्रवासी वाहतुकीच्या धावपट्ट्यांमध्ये सर्वांत आखूड म्हणून तिची ख्याती आहे. दोन्ही टोकांना समुद्रात कोसळणारे कडे आहेत आणि तेथेही ट्विन ऑटरच जाते. परंतु हे दोन्ही श्रीमंत देशांचे खेळ. तेथे विमान आले नाही तर सहल बुडते, लुक्ल्यास आले नाही तर मीठ महागते. गावात दिसणारा गॅसचा प्रत्येक सिलिंडर, प्रत्येक पत्रा, बिस्किटाचा प्रत्येक पुडा हा आकाशातून तरी आलेला असतो किंवा खच्चराच्या पाठीवरून. सल्लेरीच्या बाजूने जीपचा कच्चा रस्ता वर सरकत आहे. तो पुरता आल्यावर हा हिशेब बदलेल. हिलरी यांनी उत्तरायुष्यात या धावपट्टीबद्दल खंतही व्यक्त केली होती, कारण शाळेच्या पत्र्यांसाठी उघडलेल्या दारातून पर्यटकांचा लोंढा आत आला आणि जळणासाठी खुंबूची जंगले तुटू लागली. 1976 साली सगरमाथा राष्ट्रीय उद्यान स्थापन होण्यामागे ही चिंताही होती.

महाराष्ट्रातून जाणाऱ्या मंडळींना एक सांगणे आहे. हवा बिघडली की लुक्ला बंद होते आणि उघडण्याची तारीख कोणीही मुक्रर करून देऊ शकत नाही. नोव्हेंबर 2011 मध्ये अशा धुक्याने कित्येक दिवस वाहतूक तहकूब होऊन हजारो प्रवासी गावात अडकून पडले होते. अशा वेळी खिडकीवरच्या तरुणाशी हुज्जत घालू नये, आणि लुक्ल्याच्या अलीकडून विमान माघारी वळले तर वैमानिकास बोल लावू नये. त्याने त्या बिंदूच्या आधी करावयाचे तेच केलेले असते. काठमांडूहून मुंबईस परतण्याचे तिकीट लुक्ल्याहून निघण्याच्या दिवसानंतर किमान दोन दिवस सोडूनच काढावे.